उणे अठराचं पाणी

मॉडेलमधला ढग आजही गेला.
तिसऱ्या तासाला बर्फ झाला, खाली सांडला,
आकाश लख्ख.
पडद्यावर कानाक गावावर तारेच तारे,
जमीन उणे चौतीस.
त्रोम्सोतल्या माझ्या खिडकीत कॉफी निवत चाललेली.

ग्रीनलँडहून तातेराकचा मेसेज:
"कसलं चौतीस? अठरा.
ढग इथंच आहे, छपराला टेकून बसलाय.
कुत्री सुस्तावून पडलीत.
हातमोजे काढून फुगा सोडला मी."

सहा महिने हेच.
मी गोठवते, तो गोठत नाही.

कोडात एक ओळ आहे,
माझ्या आधीच्या कुणीतरी लिहिलेली,
शेजारी टीप: तात्पुरतं, नंतर बघू.
ती ओळ म्हणते, एवढ्या थंडीत पाण्यानं बर्फ व्हावं.
पण पाण्याला गोठायलाही निमित्त लागतं,
धुळीचा एखादा कण,
कुणाच्या तरी पायाखालून उडालेली माती.
तिथं मैलोन्‌मैल पायच नाहीत.
म्हणून थेंब थेंबच राहतात
शून्याच्या कितीतरी खाली,
पातळ, हट्टी, जागे.

बाबांना पुरून आलो त्या दुपारी
आई सगळ्यांना कॉफी देत होती.
साखर विचारत होती. बर्फात रुतलेल्या गाड्यांची चौकशी करत होती.
शेजारच्या बाईनं नुसता खांद्याला हात लावला
आणि ती किटलीसकट
जागच्या जागी थिजली.

मार्चमध्ये मी कानाकला गेले.
तातेराकच्या मावशीनं, तुकुमेकनं, सीलचं सूप वाढलं,
विचारलं, काय करतेस?
म्हटलं, ढग बनवते.
टिकतात का?
नाही.
मग जरा कमी ढवळत जा, म्हणाली,
आणि स्वतःच इतकी हसली की चमचा पडला.
(तिचं चुकलं होतं.
ढवळल्यानंच टिकतो तो:
वरचा थर उष्णता सोडून गार होतो, बुडतो,
खालचा वर येतो, रात्रभर.
पण सूप इतकं सुंदर होतं की मी वाद घातला नाही.)

दुसऱ्या दिवशी समुद्राच्या बर्फावर
तातेराकनं स्लेज थांबवली.
वर बघ.

मी आयुष्यभर ढग वरून पाहिले,
उपग्रहाच्या डोळ्यानं, चौकोनाचौकोनांत.
ढगाचं पोट पहिल्यांदाच बघत होते.
पांढरं. आणि पश्चिमेला एक काळसर डाग,
ओल आलेल्या भिंतीसारखा.

"तिथं बर्फ फाटलाय," तो म्हणाला.
"खाली काळं पाणी, म्हणून वर काळं.
पांढऱ्याखालून जायचं."

त्याचा नकाशा असा उलटा टांगलेला.
माझ्या एका चौकोनाची बाजू पंचवीस किलोमीटर,
ती भेग फार तर दोनशे मीटर.
माझ्या हिशेबात ती नव्हतीच,
आणि तिच्यातूनच वाफ वर चालली होती
ढगाला दाणापाणी घालत.
मी वहीत आकडा लिहायला गेले.
पेनातली शाई गोठलेली.
शाईला निमित्त मिळालं होतं.

परतल्यावर ती ओळ बदलली.
हवेतले कण कमी केले, शंभरावर एक ठेवला.
चौकोनात एक भेग घातली, अंदाजानं,
त्याच्या बोटाच्या दिशेनं.
ढग टिकला.
तिसरा तास गेला, तिसावा गेला,
दोन दिवस, पाच दिवस,
जमीन उणे अठरा, एकोणीस, अठरा.
ऑफिसात कुणी केक आणला.
"तात्पुरतं" ही टीप पुसायला हात गेला होता,
पुसली नाही, का कोण जाणे.

आठव्या दिवशी पहाटे फोन वाजला.
तातेराक.
"कुत्री उठून बसलीत. तारे दिसताहेत."

पडद्यावर ढग अजून
छपराला टेकून बसलेला.