हलू नका

कुडाळात तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो:
हलू नका.
हनुवटी थोडी खाली. डावा खांदा सैल.
पासपोर्ट, लग्न, बारसं,
आणि गेलेल्या माणसाचा, मतदार कार्डावरून मोठा केलेला,
हार घालण्याजोगा.

बावन्नाव्या वर्षी पाठीला टाकी बांधून
निवतीच्या खडकापाशी समुद्रात उलटा पडलो,
तेव्हा बस्त्यांव एवढंच म्हणाला होता,
"श्वास धरून ठेवू नको.
बाकी कायव चुकलास तरी चलात."

आठ मीटर.
दिवाळी होऊन गेलेली, तरी पाणी अजून
ठेवणीतल्या ताकासारखं, वर निवळ, खाली दाट.
माझाच श्वास मला ऐकू येत होता,
शेजारच्या खोलीत कोणी झोपल्यासारखा.

मग बस्त्यांवने दोन बोटं डोळ्यांकडे नेली
आणि समोर हात केला.

आधी वाटलं, होडीची सावली.
मग सावलीला कड आली.
मग ती कड आत ओढली गेली, सुटली,
आत ओढली गेली, सुटली,
घाई नाही, कुठे पोचायचंय असंही नाही.
झार.
परातीएवढा. नाही, परातीहून थोडा मोठाच,
पेजेवर धरलेल्या सायीच्या रंगाचा, कडेला जांभळट,
आणि खाली लोंबणारा सगळा पसारा,
झालरी, दोर, चिंध्या,
लग्न उरकल्यावर मांडवात उरतं तसं काहीबाही.
त्या घुमटाखाली चार-पाच चिमुकले मासे
एसटीच्या शेडमध्ये उभ्या शाळकरी पोरांसारखे,
बिनघोर.

मी कॅमेरा उचलला.
कॅमेरा चेहरा शोधू लागला.
त्याला तीच सवय, म्हणजे माझीच.
पिवळी चौकट इकडे गेली, तिकडे गेली,
परत आली.
डोळा नाही. हनुवटी नाही. डावं-उजवं नाही.
हलू नका, मी नळी चावत म्हणालो,
आणि ते शब्द बुडबुडे होऊन वर गेले.
तो हललाच.
हलणं सोडून त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतंच.

सत्तावीस फोटो.
मग अजून थोडा जवळ सरकलो, फोटोवाले सरकतात तसा,
आणि मनगटावर, हातमोजा संपून बाही सुरू होते
त्या बोटभर उघड्या जागेत
कोणीतरी निखारा ओढत नेला.

होडीत बस्त्यांवने शिरका ओतला.
शिव्या मला होत्या की झाराला, कळलं नाही.
"लोण्यासारखो दिसता," तो म्हणाला,
"जाळ्यात भरलो काय जाळा फाटता.
बाबान ह्यांच्यापायी एक आखो हंगाम..."
आणि इंजिनाची दोरी खेचली.

देवबागला त्याच्या आईने चष्मा लुगड्याला पुसला.
कुस्तीनबाय. चाळीस वर्षं
तिने जाळ्यातून झार उपसलेत,
घमेल्याने, फळकुटाने, कोपरापर्यंत आग होईस्तोवर.
तिला ठाऊक तो वाळूवरचा झार:
पाणचट गोळा, दुपारपर्यंत नुसता डाग.

ती बराच वेळ पाहत राहिली.
"पाण्यात असो दिसता?"
मी हो म्हणालो.
"असो?"
हो.

पुढचा. पुढचा.
एकावर थांबली. मी म्हणालो, तो बिघडलाय.
फोकस चुकलाय त्यात,
झाराच्या आरपार मागेच कुठेतरी जाऊन बसलाय.
तिने दोन बोटांनी तो मोठा केला,
दूधट काचेपलीकडलं काहीतरी निरखलं.
"हो बस्त्यांवाचो पाय.
बघ, तुटको कल्लो."

आणि मग, आत चुलीकडे जाता जाता,
"ह्योच दी माका. मोठो करून."

केवढा, मी विचारलं.
तिने दोन्ही हात फाकवले,
परातीएवढे.
मग थोडे आणखी.