कार्ड तिरपं करा

नवं ॲप आलं तेव्हापासून
फोटो चालत नाही, झेरॉक्स चालत नाही,
दुसऱ्याच्या मोबाइलवरचं चित्र तर मुळीच नाही.
कार्ड हातात पाहिजे
आणि हात हलला पाहिजे,
पण फार नाही.

मी मोरटोल्याची बँक-मित्र.
समाजमंदिराच्या ओट्यावर एक टेबल,
बोटं टेकवायचं एक यंत्र,
आणि एक फोन, ज्याच्या काचेला तडा आहे.
तो कॅमेऱ्यापर्यंत पोचलेला नाही. अजून.

रेवंताबाई वलथरे आली ती ओल्या काष्ट्यानं,
सरळ तळ्यातून.
तिची बोटं यंत्राला आधीच नामंजूर होती.
शिंगाड्याच्या काट्यांनी चाळीस हंगाम
तिच्या रेघा खोडून
आपल्या ओढलेल्या.
म्हणून कार्ड. म्हणून चेहरा.

चौकटीत धरा, फोन म्हणाला.
तिने धरलं.
प्रकाश जास्त आहे. मी सावली केली.
प्रकाश कमी आहे. मी सरकले.
कार्ड हळूहळू तिरपं करा.
"पडलं त?" ती म्हणाली,
पण केलं, सूप धरतात तसं,
खडा तेवढा बाजूला यावा अशा बेतानं.
मूळ कार्ड आढळलं नाही.

तीनदा.
चौथ्यांदा चुकलं की चोवीस तास कुलूप.
मागे रांगेत तंबाखू मळत दशरथ उके म्हणाला,
"बाई खोटी निंगाली का जी?"
कोणीतरी हसलं. रेवंताबाई नाही.

मग माझ्या लक्षात आलं. लॅमिनेशन.
साकोलीच्या बाजारात तीस रुपये मोजून
तिने कार्डाला कातडं चढवलं होतं,
तिचं सगळंच पाण्यात असतं म्हणून.
त्या जाड चकाकीखाली खरी चमक दबलेली,
फोनला दिसत होता फक्त आमचा छतावरचा बल्ब.

"कापावं लागंल, मावशी."
तिने कमरेची शिंगाडे सोलायची सुरी काढली,
मला दिली नाही.
स्वतःच कापलं, कडेकडेनं,
मरळीचं पोट उघडतात तसं,
आतल्या अंड्यांना धक्का न लावता.

आम्ही तळ्याच्या पाळीवर गेलो, उघड्यावर.
रांगही मागोमाग आली.
ऊन कललेलं, पाणी पांढरं पडलेलं.
तिने कार्ड तिरपं केलं
आणि कोपऱ्यातली चौकोनी खूण
हिरवी झाली, जांभळी झाली,
जाळं वर येताना एखादं डाडक
कूस बदलतं, तेवढ्यापुरती.
फोन थरथरला. मूळ कार्ड.
आता डोळे मिचकवा.

"कायले?"
"जिवंत आहात का, ते बघतो तो."
"जित्ता मासाबी मिचकवत नाही, पोरी.
कल्ला उचलून पाहा लागते."
तरी मिचकवले. दोनदा,
मागितल्यापेक्षा एक जास्त.

बाराशे रुपये.
पाचशेच्या दोन्ही नोटा तिने उन्हात धरल्या,
हिरवी तार निळी होईस्तोवर फिरवल्या,
शंभराच्या नुसत्या कानाशी वाजवल्या.
मग माझ्याकडे वळली.
"तू गोपिकाची पोरगी ना?
नागपुरावून आली तवापासून येगरीच दिसते."
हनुवटी धरून माझं तोंड
आधी पाण्याकडे केलं, मग उन्हाकडे.
चिखलाच्या वासाची, खरबरीत बोटं.
काय दिसलं, सांगितलं नाही.
"हूं," म्हणाली,
आणि ओच्यातले शिंगाडे माझ्या ओढणीत ओतले.
मोजले नाहीत.

माझं कमिशन सहा रुपये.
कापलेलं कव्हर तिने परत नेलं,
"असू दे, कायतरी ठेवता येते यात."

पुढचा नंबर दशरथचा.
त्याने खिशातून काढलं
ते रंगीत झेरॉक्स होतं, छान कापलेलं.
मी काही म्हणायच्या आत
पाळीवरून जाता जाता, मागे न बघता,
रेवंताबाई म्हणाली,
"तिरपं कर, दशरथ."