कोसा

सायत्रा आत्या मडक्यात राखेचं पाणी उकळत ठेवते.
कोसे वर येतात, बुडतात, पुन्हा वर येतात,
आणि मी, पुण्याहून चार दिवसांसाठी आलेली,
तिला सांगत बसते कृष्णविवर कसं विझतं ते.

"कारा खड्डा?"
खड्डा म्हण. पण खड्डा नाहीच तो,
निदान आमच्या गणितात नाही.
आत पोकळी असती तर पडलेलं सगळं
नावागावासकट गेलंच असतं.
आम्ही म्हणतो, कडेपर्यंत तंतूच तंतू, ठासून,
आणि कडसुद्धा धड नाही, लवदार,
तुझ्या कोशासारखी.

ती कोशावर नख फिरवते. टोक सापडत नाही.
दुसरा घेते.

तंतूवर एक लहर डावीकडून येते,
एक उजवीकडून.
भेटल्या तर कधीमधी एक कडं तयार होतं,
बंद, बारीक, कशालाच न बांधलेलं.
ते सुटतं, निघून जातं.
विवर तेवढ्यानं हलकं.
असं एकेक, इतकी वर्षं
की ही चुलबंद नदी त्यात एक थेंबही नाही.
आणि बहुतेक विवरं जितकी झिजतात
तितकी जास्तच तापतात.

"आमचा बुढा तसाच होता," आत्या म्हणते.
मग जरा थांबून,
"त्या कड्याले याद राह्यते का, आत कोन पडला होता थो?"

इथंच तर भांडण आहे आमचं, पन्नास वर्षांचं.
राहते, म्हणतो आम्ही.
पण हिशेब नीट जमलाय तो सोप्या विवरांचा,
जवळजवळ गार पडलेल्यांचा,
आणि तशी आकाशात बहुधा नाहीतच.

आत्या मडकं उतरवते. कोसे परातीत निवतात.
लुगडं मांडीवरून सरकवून
चार टोकं एकत्र धरते,
तळव्यानं वळत नेते गुडघ्याकडे.
तिथली कातडी गुळगुळीत, वेगळ्याच रंगाची.
सूत नटव्यावर चढतं, मधासारखं.
"हा येनाचा. हा कहूचा.
हाताले समजते."

कोसा पातळ होतो, उजेड आरपार जातो,
मग एकदम विरतो,
आणि परातीत राहतो
तपकिरी, सुरकुतलेला किडा.

आमच्यात शेवटी काहीच उरत नाही, मी म्हणते.

ती तो तळहातावर घेते,
अंगठ्यानं राख पुसते.
"मंग याले काय म्हनू?"

दारात कोंबडी येऊन उभी,
मान वाकडी करून.