डक्ट

सावईवेऱ्यात रात्री साडेआठनंतर नेट जरा बरं चालतं.
पडद्यावर लिन श्युए. तिच्या छंगतूत अकरा वाजलेत.
एसीच्या कारखान्यात ती कागदपत्रं बघते,
आज तिला एकच शब्द हवाय.

ती म्हणते, डक.
मी म्हणते, ते बदक झालं.
मग म्हणते, डा-के-ते.
तिच्या भाषेत शब्द असे दोन व्यंजनांवर आपटून थांबत नाहीत,
शेवटी श्वास टाकायला जागा असते.

पाइप नव्हे, मी सांगते. पाइप दुकानात मीटरवर मिळतो.
डक्ट म्हणजे नेणारा.
हवेला, तारांना, पाण्याला, जे स्वतःहून वाट काढणार नाही त्याला.
लॅपटॉप उचलून खिडकीशी धरते.
काळोखात दिसत काही नाही,
ऐकू येतो कुळागरातला पाट,
पोफळ चिरून केलेल्या पन्हळीतून
मिरवेलींच्या मुळाशी उतरणारा.
शाबीनं संध्याकाळी केळीचा सोप लावून वळवलाय.

दुसरं उदाहरण, डोळ्याच्या कोपऱ्यातलं.
ती विचारते, ही नळी पाणी आणते का?
नाही गं, नेते.
गुपचूप नाकाकडे, दिवसभर.
तिला झेपेनासं झालं की उरलेलं गालावर येतं,
आपण फक्त तेवढंच मोजतो.

पुस्तकात तिसरंही आहे, पित्ताचं.
ते मी गाळते.
बांबोळीला डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर काढून दाखवलं होतं:
हे यकृत, ही गाठ, मधली ही एवढीशी रेघ.
बाबा म्हणाले, वरून फोडून दुसरीकडून वळवता येत नाही?
जन्मभर पाटाचंच पाणी वळवलेलं.
डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं.

आमच्यात ग्वान, लिन म्हणते,
आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरते.
अक्षराच्या डोक्यावर बांबू.
ग्वान म्हणजे नळी.
ग्वान म्हणजे लक्ष ठेवणं, बघणं, सांभाळणंसुद्धा.
इंग्रजीत तिचा गुंता होतो.
तुमच्या पाण्याला, ती एकेक शब्द जुळवते,
आता कोण नळी?

चूक मी दुरुस्त केली नाही.
शाबी, म्हटलं.
तिनं शाबीचं स्पेलिंग विचारलं
आणि वहीत डक्टच्या खाली लिहून घेतलं.