कोळंबीची शेड, साखरीनाटे

"वायरमन कुठाय?" जुलेखाबाई विचारते
आणि माझ्या खांद्यावरून जेटीच्या रस्त्याकडे बघते.
मीच, म्हणते मी. पिशवी ठेवायला
कोरडी फळी शोधते. इथे ती पटकन मिळत नाही.

सात बायका, चौदा अनवाणी पाय,
घोट्यापर्यंत बर्फाचं पाणी, त्यात सालं, डोकी, मिशा.
फ्रीझरला त्या हात उलटा लावतात,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा.
"मुंग्या येतात जरा," फरझाना सांगते, "सवय झाली."
या कामात मी सवयीला घाबरते.

टेस्टर आधी जिवंत तारेवर लावून बघितला.
मग मेन बंद, फ्यूज काढून माझ्या खिशात,
कारण बंद स्विच कुणीतरी चहासाठी चालू करतंच.
आता टेस्टर पुन्हा भोकांत. अंधार. परत एकदा. अंधार.

जुना सॉकेट उघडला:
पितळेवर खाऱ्या हवेचा हिरवा थर,
कुंभारमाशीचं मातीचं घर,
आणि हिरवी तार कशालाच जोडलेली नाही,
नुसती वळवून ठेवलेली,
पाहुण्यांना दाखवायला.

नवी पेटी छातीच्या उंचीवर,
पाण्याच्या पाइपापासून लांब, रबरी झाकणाची.
फेज यातून, न्यूट्रलही यातूनच,
आणि त्या न्यूट्रलची बाहेर कुणाशी सोयरीक नको.

"ह्यो करतो काय?"
मोजतो. जेवढं गेलं तेवढं परत आलं का.
वाटेत चिमूटभर जरी कमी झालं
तर ते कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चाललंय.
मग तो तोडतो.

जुलेखाबाईने कोळंबीचा दोरा ओढून काढला.
"सांजचे बंदरावर आमी त्याच करतो गो.
बावीस गेल्या, बावीस आल्या काय."
सुऱ्या थोडा वेळ थांबल्या.
मी म्हटलं, "हा तुमच्यापेक्षा उतावळा आहे.
उशीर झाला असेल, येईल, असं म्हणत नाही."

बटण दाबलं. खट्ट.
पंखा थांबला, रेडिओ गप्प,
आणि एवढा वेळ मागेच असलेली खाडी ऐकू आली.
सगळ्या खूश. मी नाही.
बटण यंत्राची परीक्षा घेतं, जमिनीची नाही.
शेडमागे जांभ्यात खड्डा घेतला, दुपारभर पहार वाजली.
नळी, कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, आणि पाणी.
जांभा पाणी धरत नाही, एप्रिल-मेमध्ये
इथे रोज एक बादली ओता, तुळशीला घालता तशी,
असं म्हणून गेले नि जीभ चावली.
"अबोलीला घालतो तशी," जुलेखाबाईने दुरुस्त केलं.

मग फ्रीझर लावला. खट्ट.
वर केलं. खट्ट.
"जुना सॉकेट सहा वर्षं चालला," इक्बाल म्हणाला,
"तुझाच बिघडलाय. डायरेक्ट करून टाक."
मी फ्रीझर भिंतीपासून ओढला.
मागे कॉम्प्रेसरची तार पत्र्याच्या धारेवर घासून
तांबं उघडं पडलेलं, नखाएवढं.
सहा वर्षं.
टेप नको म्हटलं, तारच बदलली.

आता पेटी टिकली. बर्फ घुरघुरू लागला.
फरझाना पुढे आली, हात उलटाच होता,
मागची बोटं टेकवली, थांबली,
मग हळूच तळवा फिरवून
आख्खा हात पत्र्यावर ठेवला.

पैशाची घासाघीस झाली. त्यात एक किलो कोळंबी मिळाली.
जाताना बजावलं: चांद दिसला
की पुढच्या शुक्रवारी, होड्या बंदरात असताना, बटण दाबायचं.
वाजलं नाही तर फ्रीझर बंद, मला फोन.

महिन्याने शुक्रवारी फोन आला.
जुलेखाबाई काहीच बोलली नाही.
फोन पेटीजवळ धरला असावा.
खट्ट.
मग पंखा मंदावत जातानाचा आवाज,
मग खाडी.