दोन बाण

रिम्मा अर्काद्येव्ना फळ्यावर दोन बाण काढते:
एक सरळ जाणारा,
एक जाऊन परत येणारा.
"रशियनमध्ये नुसतं 'जाणं' नसतं," ती म्हणते,
"आधी ठरवा, परतायचंय का."

ॲबर्डीनच्या तळघरात आम्ही पाच जण.
हीटर खोकतो. फर्गस षष्ठी विभक्तीत अडकलाय
डिसेंबरपासून.

माझ्या बापाला चारच रशियन शब्द येत:
मासा, बर्फ, सिगारेट, किती.
लर्विकच्या बंदरात त्यांची गंजकी जहाजं नांगर टाकून असायची तेव्हा
एवढ्या भांडवलावर त्याने एक लोकरी टोपी कमावली
आणि ग्लेब नावाचा दोस्त,
जो एका मार्चमध्ये गेला.
कुठल्या बाणाने,
बापाला विचारता आलं नाही.
चार शब्दांत ते बसत नव्हतं.

गुरुवारी सिनेमा. रीळ जुनं, उपशीर्षकं नाहीत.
रिम्मा अंधारात हलक्या आवाजात सांगत जाते
कोण काय म्हणालं.
मग फलाट.
आई मुलाच्या कोटाचं बटण लावते,
काढते, पुन्हा लावते,
आणि बोलत राहते भराभर,
तळघरातल्या बटाट्यांबद्दल, शेजारणीच्या कुत्र्याबद्दल.

दिवे लागल्यावर आयली म्हणाली,
"तुम्ही मधेच थांबलात."
केव्हापासून,
कुणालाच सांगता येईना.
रिम्मा चष्मा पुसत होती, खूप वेळ, एकच काच.

रात्री फोनवर बाप विचारतो,
"स्कोल्का?"
म्हणजे किती झाले आता शब्द.
मी मोजायला घेते.
मागे त्याच्या किटलीची शिट्टी,
तो उठत नाही.