रीळ सहावं, दुसरी बाजू

"एकोणीस डिसेंबर. शुक्रवार. पियानो आज बरा आहे."
हा आवाज माझ्या वडिलांचा.
बेस्टच्या मीटर खात्यात होते,
कुठल्या घरात किती युनिट जळलं हे ज्या आवाजात सांगत
त्याच आवाजात टेपवर बोलत.

यंत्र जर्मन, लॅमिंग्टन रोडवरून हप्त्यानं आणलेलं.
त्या दिवाळीला आमच्या दारात जुनाच कंदील लागला.
चर्चगेटच्या त्या रेस्टॉरंटच्या वायरमनशी त्यांची ओळख,
म्हणून मागच्या दारानं आत
आणि मायक्रोफोन रुमालात गुंडाळून
पियानोच्या पोटाखाली.
त्यामुळे डावा हात फार जवळ ऐकू येतो,
उजवा शेजारच्या खोलीत असल्यासारखा.

ओलाव्हो मिनेझिस, पियानो.
सकाळी धोबीतलावच्या शाळेत
पोरांना प्रार्थनेचा सूर धरून द्यायचा.
केर्सी भेसानिया, डबल बास.
तो बास टॅक्सीच्या टपावर बांधायचा
आणि तरी खिडकीतून हात काढून
ग्रँट रोडपासून धरून बसायचा.
ड्रमवर सायमन आवळे, नगरचा;
लहानपणी ख्रिस्ती कीर्तनात ढोलकी वाजवलेली,
ती अधूनमधून झांजेखालून डोकावते.

खाऱ्या हवेनं पियानोची एक पट्टी मेली होती.
वडील तिला कोमल गंधार म्हणत.
ओलाव्हो काय म्हणायचा ते चौथ्या रिळावर आहे,
इथं लिहीत नाही.
वर चढत चढत तो तिथवर यायचा, थांबायचा,
आणि केर्सी खालून तो सूर ठेवायचा,
अंधाऱ्या जिन्यात न बोलता
कुणी कोपर धरावं तसा.

सहाव्या रिळावर पियानो बरा आहे.
वडिलांनी तसं नोंदवलंय.
तरी ओलाव्हो तिथं येतो
आणि थांबतो.
केर्सी ठेवतो.
मी हे मागे घेऊन घेऊन ऐकलं,
पट्टी खरंच दुरुस्त होती का ते कळेपर्यंत.
होती. शेवटच्या गाण्यात ओलाव्होनं ती एकदाच वाजवलीय,
हळू, चुकून पाय लागावा तशी.

सायमनकाका माझगावला असतात, चौऱ्याऐंशीचे.
कानाला यंत्र. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला.
वाटलं, डोळे भरतील, काही आठवेल, सांगतील.
ते म्हणाले, "ट्रे. तो ट्रे परत लाव."
बासचा एकट्याचा तुकडा चाललाय,
आणि कुठंतरी मागे वेटरच्या हातून सगळे ग्लास पडतात.
"बघ, बरोबर तिसऱ्या मात्रेवर.
मी रिहर्सलला रडायचो या जागेसाठी."
पाच वेळा लावला.
पाचही वेळा त्यांचं बोट
ग्लास पडायच्या किंचित आधी टेबलावर पडलं.

टाळ्या खूप आहेत.
टाळ्यांत कोण कोण आहे ते मी आता ओळखतो:
अंगठी असलेला एक हात,
उशिरा सुरू करून सगळ्यांत शेवटी थांबणारा एक,
कुणी टेबलच बडवणारा.
वडिलांचे हात कुठंच नाहीत.
ते यंत्रापाशी उकिडवे, सुई लाल रेषेवर जाऊ नये म्हणून
बटण धरून.
एकोणसत्तर ते त्र्याहत्तर,
सव्वीस रिळं,
आणि या माणसानं एकदाही टाळी वाजवलेली नाही.

मग खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्याचे आवाज.
झाकण बंद. केर्सी टॅक्सीवाल्याशी भांडतोय,
बासचं वेगळं भाडं का म्हणून.
वडील म्हणतात, "संपलं. बंद करतो."

आणि अकरा मिनिटं बंद करत नाहीत.

पंखा आहे. फरशीवर बादली सरकते.
त्यात एकदा, मायक्रोफोनच्या अगदी जवळ,
कुणीतरी झाकण उघडतं
आणि एका बोटानं
ती पट्टी दाबून बघतं.